हौशी त्रिमितीय कलेसाठी परवडणाऱ्या पर्यायी सॉफ्टवेअरची निवड

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फाउंड्री’ या ब्रिटिश कंपनीने ‘मोडो’ या त्रिमितीय सॉफ्टवेअरचा पुढील विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. ‘लाइटवेव्ह’ हे जुने सॉफ्टवेअर घडवणाऱ्या काही मंडळींनी वेगळे होऊन ‘लक्सॉलॉजी’ ही कंपनी काढली होती. तिने २००४ मध्ये मोडोची पहिली आवृत्ती आणली आणि मॉडेल घडवण्याच्या सुटसुटीत पद्धतीमुळे व्यावसायिकांबरोबर हौशी कलावंतही त्याच्याकडे वळले. अशी घोषणा झाली म्हणून कोणाच्या संगणकावरचा प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. परंतु नवी ऑपरेटिंग सिस्टिम, नवे ग्राफिक्स कार्ड आणि परवाना तपासणारा दूरचा सर्व्हर यांच्याशी त्याचे जुळणे हळूहळू संपत जाते, आणि त्याच्याच खास स्वरूपात साठवलेली वर्षानुवर्षांची कामे उघडणारे साधन एक दिवस हाताशी उरत नाही. मोडोच्या आधीही हे घडलेले आहे. मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये विकत घेतलेले ‘ट्रूस्पेस’ पुढच्याच वर्षी थांबले, ‘सॉफ्टइमेज’ बंद करण्याचा निर्णय ऑटोडेस्क या कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केला, आणि निसर्गदृश्ये रचणाऱ्या हौशी कलावंतांचे आवडते ‘व्ह्यू’ २०२४ मध्ये शेवटची आवृत्ती मोफत खुली करून थांबले.

पर्याय शोधण्याची वेळ आणणारे दुसरे कारण वर्गणीचे आहे, आणि भारतातील हौशी कलावंताला तेच अधिक वेळा भेडसावते. एकदा पैसे भरून कायमचा परवाना घ्यावा ही पद्धत मोठ्या कंपन्यांनी जवळजवळ सोडून दिली आहे. माया आणि थ्रीडीएस मॅक्स या प्रोग्रॅमांचे कायमस्वरूपी परवाने विकणे ऑटोडेस्कने २०१६ मध्ये थांबवले. पोत रंगवण्याचे सबस्टन्स पेंटर २०१९ मध्ये अ‍ॅडोबीकडे गेल्यावर तेही मुख्यतः वर्गणीवर चालू लागले. मूर्तीसारखे आकार घडवण्याचे झेडब्रश मॅक्सॉन या कंपनीच्या ताब्यात गेल्यानंतर त्याचीही वाट तीच झाली. वर्गणी बहुधा डॉलरमध्ये मोजली जाते, तिच्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे परकीय चलनाचे शुल्क चढते, आणि आपोआप होणारी कपात १५,००० रुपयांहून अधिक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दरवेळी ग्राहकाची स्वतंत्र संमती लागत असल्यामुळे वार्षिक नूतनीकरण ऐनवेळी अडकून राहू शकते. ज्याची कमाई या कलेतून होत नाही, सुट्टीच्या दिवशी दोन-चार तास काढून जो हे काम करतो, त्याच्यासाठी हा हिशेब सहसा जुळत नाही. मात्र खर्च वाचवणे हा निवडीचा अर्धाच भाग आहे; आपण केलेले काम पाच वर्षांनीही आपल्यालाच उघडता येईल का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला गेला पाहिजे.

त्या दृष्टीने पाहता ‘जुन्यासारखेच नवे कोणते’ या प्रश्नापासून शोध सुरू करणे चुकीचे ठरते, कारण तसे सॉफ्टवेअर सहसा नसतेच आणि त्याच्या शोधात महिने जातात. आपण प्रत्यक्षात कोणती कामे करतो हे आधी पाहावे. त्रिमितीय कलेत एकमेकांपासून बरीच वेगळी अशी कामे एकत्र आलेली असतात. बिंदू, कडा आणि पृष्ठे जोडून वस्तूचा सांगाडा असलेली जाळी तयार करणे म्हणजे मॉडेलिंग. पडद्यावरच्या पृष्ठभागाला ओल्या शाडूप्रमाणे दाबून, ओढून, खरवडून आकार देणे म्हणजे स्कल्प्टिंग. तयार आकाराची कातडी सपाट उलगडून तिच्यावर रंग आणि पोत चढवण्याची सोय करणे म्हणजे यूव्ही मांडणी. पात्राच्या आत हाडांची रचना घालून त्याला हालचाल करण्याजोगे बनवणे म्हणजे रिगिंग. आणि प्रकाश, सावल्या, परावर्तने यांचे गणित करून अंतिम चित्र काढणे म्हणजे रेंडरिंग. मोठ्या सॉफ्टवेअरचे पैसे या सगळ्यांसाठी मोजले जातात, परंतु हौशी कलावंत बहुतेक वेळा त्यांतील दोन किंवा तीनच कामे मन लावून करतो. गेल्या वर्षभरातील स्वतःच्या फायली उघडून त्यांत खरोखर काय वापरले गेले हे पाहिले, तर पर्यायांची यादी आपोआप आखूड होते.

या यादीत ब्लेंडरचा विचार सर्वप्रथम व्हावा. ते फुकट आहे हे त्याचे एक कारण झाले, पण मुख्य कारण त्याच्या मालकीच्या स्वरूपात आहे. टॉन रोसेनडाल या डच कलावंत-प्रोग्रॅमरने नव्वदच्या दशकात आपल्या स्टुडिओसाठी ते घडवले. पुढे त्यासाठी काढलेली कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत १,००,००० युरो जमवून प्रोग्रॅमचे हक्क सोडवून घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याची संपूर्ण संगणकीय संहिता जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स या मुक्त परवान्याखाली खुली झाली. या परवान्याचा व्यवहारातला अर्थ असा की कोणीही हा प्रोग्रॅम कितीही संगणकांवर, कोणत्याही कामासाठी वापरावा, आणि उद्या त्याची मूळ संस्था उरली नाही तरी संहिता घेऊन इतरांनी तो पुढे चालवावा, यास कायद्याची आडकाठी नाही. परवाना प्रोग्रॅमपुरता असतो; त्यातून घडवलेली चित्रे, मॉडेले आणि चित्रपट सर्वस्वी करणाऱ्याचे राहतात. एकदा बुडालेल्या कंपनीतून वापरकर्त्यांनीच बाहेर काढलेले हे साधन असल्यामुळे, सॉफ्टवेअर बंद पडण्याने पोळलेल्या माणसाला त्याचा जितका भरवसा वाटेल तितका दुसऱ्या कशाचा वाटणे कठीण आहे.

फुकटचे म्हणजे शिकाऊ हातांपुरते, ही शंका आता धरण्याजोगी नाही. लॅटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांनी दिग्दर्शित केलेला ‘फ्लो’ हा चित्रपट ब्लेंडरमध्ये घडला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्यातील दृश्ये ‘ईव्ही’ या ब्लेंडरमधील जलद रेंडर-यंत्रणेने काढलेली आहेत. ही यंत्रणा प्रकाशाचे अचूक अनुकरण न करता संगणकीय खेळांप्रमाणे अंदाजाने चित्र काढते, म्हणून सेकंदांत निकाल देते. दुसरी ‘सायकल्स’ ही यंत्रणा प्रकाशकिरणांचा माग काढत जाते, त्यामुळे काच, पाणी, कातडी यांचे चित्र अधिक खरे येते, पण वेळ पुष्कळ लागतो. साध्या संगणकावर सायकल्स वापरणाऱ्याने किरणांचे नमुने कमी ठेवून चित्रातील दाणेदारपणा ब्लेंडरमधल्या डीनॉइज सोयीने घालवावा. घरगुती कामाला एवढे पुरते.

ब्लेंडरच्या अडचणीही खऱ्या आहेत. त्याची मांडणी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्याला पहिले काही आठवडे परकी वाटते, कारण पुष्कळशी कामे मेनूपेक्षा कळफलकावरील एकेका अक्षराने होतात. जुलै २०१९ मधील २.८० या आवृत्तीने हे रूप पुष्कळ सुधारले आणि इतर सॉफ्टवेअरच्या सवयीशी मिळताजुळता कळसंचही सोबत दिला. परंतु हौशी माणसाने तो मोह टाळून मूळ कळसंचच शिकावा, कारण शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ आणि पुस्तके मूळ कळाच सांगतात, आणि उसना कळसंच घेतलेल्याला प्रत्येक धडा मनात उलथवून घ्यावा लागतो. ज्या लॅपटॉपला स्वतंत्र अंककळा नसतात तेथे प्रेफरन्सेसमधील इनपुट या विभागात वरच्या ओळीतील अंकांनाच अंककळांचे काम देण्याची सोय आहे, आणि मधले बटण नसलेल्या माउससाठी ऑल्ट कळेसह डावे बटण वापरण्याचीही. या दोन खुणा न केल्यामुळे दृश्य फिरवता येत नाही म्हणून पहिल्याच दिवशी कंटाळणारे थोडे नाहीत.

संगणकाचाही विचार आधीच करावा. ब्लेंडरच्या ४.० पासूनच्या आवृत्त्यांना विंडोज आणि लिनक्सवर ओपनजीएल ४.३ समजणारी ग्राफिक्स यंत्रणा लागते. किमान ८ जीबी रॅम असावी, आणि मोकळेपणाने काम करायचे तर ३२ जीबी, असे त्याचे अधिकृत सांगणे आहे. जुन्या संगणकावर नवी आवृत्ती चालत नसेल तर जुन्या आवृत्त्या अधिकृतरीत्या उतरवून घेता येतात: विंडोज ७ वर २.९२ पर्यंतच्या आवृत्त्या चालतात, आणि फारच दुबळ्या यंत्रावर २.७९ अजूनही कामाला येते, जरी तिची मांडणी जुनी असल्यामुळे आजचे धडे तिला लागू पडत नाहीत. चालू संगणकावर दर नव्या आवृत्तीमागे धावण्याऐवजी दीर्घकाळ आधार मिळणारी, म्हणजे दोन वर्षे केवळ दोषदुरुस्ती होत राहणारी, आवृत्ती घ्यावी, ४.२ आणि ४.५ या तशा आहेत. हातातले काम पूर्ण होईपर्यंत आवृत्ती बदलू नये.

सर्वांना मात्र ब्लेंडर लागेलच असे नाही. ज्याला केवळ मुखवटे, मूर्ती, प्राणी घडवायचे आहेत आणि ज्याच्याकडे पेनने चालणारा टॅबलेट आहे, त्याला ‘नोमॅड स्कल्प्ट’ अधिक मानवेल. ते एकदाच पैसे भरून घेता येते, आयपॅडवर आणि अँड्रॉइडवर चालते, आणि त्याच कर्त्याचे ‘स्कल्प्टजीएल’ ब्राउझरमध्ये विनामूल्य वापरून या कामाची गोडी आहे का हे आधी पाहता येते. ठोकळ्यांच्या धाटणीची चित्रे करणाऱ्याला ‘मॅजिकाव्हॉक्सेल’ पुरेसे आहे. फक्त जाळीचे मॉडेलिंग हवे असलेल्याने ‘विंग्ज थ्रीडी’ पाहावे. ते हलके आहे, जुन्या संगणकावर धावते आणि उजव्या क्लिकच्या मेनूंवरच जवळजवळ सारे चालत असल्यामुळे एका आठवड्यात हातात बसते. यंत्रभागांसारख्या घट्ट, नेमक्या कडांच्या वस्तू आवडणाऱ्याला आणि थोडा खर्च चालणाऱ्याला ‘प्लास्टिसिटी’ हे सॉफ्टवेअर कायमस्वरूपी परवान्यावर मिळते.

त्रिमितीय मुद्रणासाठी मापात बसणारे भाग करायचे असतील तर प्रश्नच वेगळा होतो. तेथे जाळी ओढण्यापेक्षा लांबी, व्यास, कोन यांचे आकडे देऊन आकार ठरवणारे सॉफ्टवेअर लागते, म्हणजे आकडा बदलला की आकारही बदलतो. ‘फ्रीकॅड’ची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि त्या कामाला ती मुक्त परवान्यावर उपलब्ध आहे. शाळकरी मुलांसाठी ब्राउझरमधील ‘टिंकरकॅड’ सोपे पडते. दिवाळीत अंगणात किल्ला बांधणाऱ्या घरातील मुलाला बुरूज आणि तटबंदीचे भाग छापून हवे असतील, तर त्याला ब्लेंडरच्या असंख्य खिडक्यांपुढे बसवण्यापेक्षा टिंकरकॅडमध्ये एक दुपार देणे शहाणपणाचे.

तयार मानवी आकृत्यांना पेहराव आणि मुद्रा देऊन चित्रे करणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे. ‘डॅझ स्टुडिओ’ हा प्रोग्रॅम त्यांना विनामूल्य मिळतो, परंतु त्याचा खरा खर्च आकृत्या, केस, कपडे यांच्या खरेदीत असतो, आणि तो हळूहळू वाढतो. शिवाय त्याची आयरे ही रेंडर-यंत्रणा एनव्हीडियाच्या कार्डांसाठी बनलेली आहे. ते कार्ड नसल्यास सारे गणित मुख्य प्रोसेसरवर येऊन एकेका चित्राला तासन् तास लागतात. विकत घेतलेल्या आकृतीचे रेंडर केलेले चित्र वापरता येते, पण तीच आकृती संगणकीय खेळात घालायची असेल तर वेगळा परवाना लागतो, हे खरेदीपूर्वीच वाचावे. ‘मेकह्यूमन’ या प्रोग्रॅममधून बाहेर काढलेल्या आकृत्यांवर अशी बंधने नाहीत, त्या दिसायला साध्या असल्या तरी चालतील अशा कामात त्यांनाच पसंती द्यावी.

मोफत या शब्दाखाली निरनिराळ्या अटी दडलेल्या असतात, आणि हौशी कलावंताची फसगत बहुधा इथेच होते. ‘हूडिनी’ या त्रिमितीय सॉफ्टवेअरची अप्रेंटिस आवृत्ती शिकण्यासाठी विनामूल्य आहे, पण ती चित्रावर आपली खूण उमटवते आणि फायली वेगळ्या, अव्यावसायिक स्वरूपात साठवते. ऑटोडेस्कचे शैक्षणिक परवाने विद्यार्थिदशेपुरते असतात. मापाने आकार घडवणाऱ्या ‘फ्यूजन’चा वैयक्तिक परवाना एका वेळी दहाच संपादनयोग्य फायली ठेवू देतो आणि व्यवसायासाठी वापरण्यास मनाई करतो. या अटी गैर आहेत असे नव्हे. परंतु हौस आणि व्यवसाय यांमधील रेषा प्रत्यक्षात पातळ असते. एखाद्या मंडळाने गणेशोत्सवाच्या देखाव्याचे चित्र करून मागितले आणि मानधन म्हणून दोन हजार रुपये दिले, तर अव्यावसायिक परवान्याची अट त्या क्षणी मोडते. असे काम येण्याची जराही शक्यता असेल तर मुक्त परवान्याचे साधन किंवा कमी उत्पन्नाच्या मर्यादेत व्यवसायाची मुभा देणारी ‘इंडी’ श्रेणी निवडावी. चोरीच्या प्रती मात्र कोणत्याही कारणाने घेऊ नयेत. त्यांच्यासोबत येणारे घातक प्रोग्रॅम संगणकावरील सर्व कामे गिळू शकतात, आणि तितक्याच ताकदीचे साधन सन्मानाने विनामूल्य मिळत असताना तो धोका पत्करण्याला काही अर्थ उरलेला नाही.

निवड ठरली तरी जुने सॉफ्टवेअर लगेच काढून टाकू नये, कारण सर्वांत नाजूक काम यानंतर येते: जुन्या फायली बाहेर काढणे. हे काम जुना परवाना जिवंत असतानाच करावे लागते. प्रत्येक महत्त्वाचे मॉडेल मूळ फाइलीशिवाय आणखी दोन स्वरूपांत ठेवावे. पहिले ओबीजे, ते तीन दशकांहून जुने, साध्या मजकुरात लिहिलेले स्वरूप असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला वाचता येते, पण त्यात जाळी, यूव्ही आणि साधे रंग एवढेच मावते, हाडे आणि हालचाल मावत नाही. म्हणून पात्रांसाठी दुसरे एफबीएक्स किंवा जीएलटीएफ घ्यावे. एफबीएक्स हे ऑटोडेस्कच्या मालकीचे बंदिस्त स्वरूप असले तरी हाडांसह हालचाल नेण्यासाठी ते सर्वाधिक चालते. ते काढताना मजकुराचे नव्हे तर बायनरी रूप निवडावे, कारण ब्लेंडरच्या जुन्या आवृत्त्या मजकुरातील एफबीएक्स उघडत नाहीत. जीएलटीएफची २.० ही आवृत्ती २०१७ मध्ये ख्रोनोस या उद्योगसमूहांच्या संस्थेने खुल्या मानकाच्या रूपात आणली, आणि जपणुकीच्या दृष्टीने तिच्यावर अधिक विसंबता येते.

जाळी गुळगुळीत दिसण्यासाठी बहुतेक मॉडेलांवर उपविभाजन लावलेले असते, म्हणजे मोजक्या पृष्ठांच्या मूळ सांगाड्यावरून प्रोग्रॅम स्वतः बारीक पृष्ठे काढून दाखवतो. ही पद्धत एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडली आणि आज सर्वत्र तीच चालते, त्यामुळे मूळ हलका सांगाडाच बाहेर काढावा आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये उपविभाजन पुन्हा लावावे. बारीक केलेली जाळी काढली तर फाइल अवजड होते आणि नंतर तिच्यात बदल करणे जिकिरीचे होते. गणिताने घडवलेले पोत, म्हणजे संगमरवराच्या शिरा किंवा गंज यांसारखे चित्राविना सूत्रातून उमटणारे रंग, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जात नाहीत. ते जुन्या सॉफ्टवेअरमध्येच प्रतिमेच्या रूपात यूव्हीवर उतरवून, म्हणजे ‘बेक’ करून, पीएनजी फायलींत ठेवावे लागतात. पुष्कळ लोक ही पायरी विसरतात आणि परवाना संपल्यावर राखाडी मॉडेले हाती घेऊन बसतात.

नव्या घरी मॉडेल आले की तीन गोष्टी तपासाव्यात. ब्लेंडर एक एकक म्हणजे एक मीटर धरते, तर इतर अनेक प्रोग्रॅम सेंटिमीटर धरतात, त्यामुळे खुर्ची शंभरपट मोठी होऊन पडद्याबाहेर जाते आणि काहीच आले नाही असे वाटते; अशा वेळी आकार ०.०१ पट करून तो बदल ‘अप्लाय’ने कायम करावा. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड अक्षाची, पुष्कळ ठिकाणी ती वाय अक्षाची, म्हणून आडवे पडलेले पात्र बिघडलेले नसते, केवळ आयात करतानाचा अक्ष चुकलेला असतो. आणि काही पृष्ठांचे तोंड आत वळलेले असते. ‘फेस ओरिएंटेशन’ ही खूण चालू केली की पाठमोरी पृष्ठे लाल दिसतात, ती निवडून शिफ्ट आणि एन या कळांनी सरळ करता येतात. ही तपासणी संग्रहातील सर्वांत गुंतागुंतीच्या मॉडेलवर आधी करावी, सर्वांत सोप्यावर नव्हे, कारण ते सुखरूप पोहोचले तर बाकीची सहज पोहोचतात.

नव्या साधनाची परीक्षा घेताना जुने काम पुन्हा करण्याऐवजी एखादी छोटी, पण शेवटपर्यंत पूर्ण होणारी वस्तू घ्यावी. घरातील पितळी समई चांगली: तिच्यात वर्तुळाकार घडण आहे, चकाकता धातू आहे, ज्योतीचा प्रकाश आहे, आणि मॉडेलिंगपासून रेंडरपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या तिच्यात येतात. पोत आणि प्रकाशासाठी लागणाऱ्या प्रतिमा ‘पॉली हेवन’ या संकेतस्थळावर कोणत्याही अटीविना मिळतात. समई पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळू नये. एक महिना मनापासून वापरूनही हात अवघडलेलाच राहिला, तर ते साधन आपल्या कामाला जुळत नाही असे खुशाल मानावे.

वर्गणीतून वाचलेली पहिली रक्कम आणखी एखाद्या प्रोग्रॅमवर घालू नये. मधले बटण असलेला चांगला माउस, शक्य असल्यास जास्तीची रॅम आणि जुन्या फायलींची दुसरी प्रत ठेवण्यासाठी बाहेरची हार्ड डिस्क, याच क्रमाने ती खर्च करावी. ब्लेंडर रोजच्या वापरात रुळल्यावर त्याच्या विकास निधीला वर्षाकाठी जमेल तेवढी देणगी द्यावी, कारण पगारी प्रोग्रॅमरांचा खर्च त्या निधीतून चालतो.